बुद्धमूर्ती सोनेरी, पण संविधान कुठे आहे?

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या फळ्यावर एका तरुण कार्यकर्त्याने एक रंगीत फोटो आणून लावला. पांढऱ्या भिंती, सोनेरी शिखर, आणि आत नऊ मीटर उंचीची तथागतांची मूर्ती. खाली स्केचपेनने ठळक लिहिलेले होते, ‘युरोपातील बौद्ध राष्ट्र काल्मिकिया! बौद्ध राष्ट्राध्यक्षाने उभारलेले भव्य विहार!’ वंदनेला आलेल्या उपासिका त्या फोटोपुढेही हात जोडू लागल्या. कार्यकर्ता गुणी आहे, वाचतो, रविवारी मुलांचे वर्ग घेतो. आम्ही त्याला म्हटले, “भाऊ, हे राष्ट्र नाही, रशियातला एक प्रांत आहे.” तो म्हणाला, “असू द्या साहेब, पण राष्ट्राध्यक्ष आपला माणूस होता ना? बौद्ध होता ना?”

त्याच आठवड्यात विहार समितीपुढे दुसराही एक विषय होता. विहाराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबचा संपूर्ण खर्च करायला एक पुढारी-कम-ठेकेदार तयार झाले होते. अट एवढीच की दर्शनी भिंतीवर त्यांच्या नावाची आणि छायाचित्राची संगमरवरी कोनशिला लागावी. समितीतले निम्मे लोक खूश होते. हे दोन विषय एकाच वेळी समोर आल्यामुळे आम्ही त्या काल्मिकियाच्या ‘आपल्या माणसा’ची कुंडली नीट मांडायची ठरवली. त्यांचे नाव किर्सान इल्युम्झिनोव.

हे नाव आपल्याकडे बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ठाऊक असते. १९९५ ते २०१८ अशी तब्बल तेवीस वर्षे हे गृहस्थ जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष होते. विश्वनाथन आनंद २०००च्या डिसेंबरात तेहरानला पहिल्यांदा विश्वविजेता झाला, तेव्हा त्या संघटनेच्या खुर्चीवर हेच होते. पण त्याआधी आणि त्यासोबत, १९९३ ते २०१० अशी सतरा वर्षे, ते काल्मिकियाचे सत्ताधीश होते. प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा तिकडे ‘राष्ट्राध्यक्ष’च म्हणत.

काल्मिक समाजाचा इतिहास वाचताना आपल्या अंगावर काटा आल्याशिवाय राहत नाही. हे मूळचे ओइरात मंगोल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला व्होल्गा नदीच्या खालच्या अंगाला, कॅस्पियन समुद्राच्या वायव्येच्या गवताळ माळावर येऊन वसले. धर्माने तिबेटी परंपरेचे बौद्ध. स्टालिनच्या राजवटीत त्यांचे विहार बंद पाडले, उद्ध्वस्त केले, भिक्खूंना तुरुंगात टाकले. आणि २८ डिसेंबर १९४३ रोजी, ऐन कडाक्याच्या थंडीत, संपूर्ण समाजच देशद्रोही ठरवून मालगाड्यांत कोंबला आणि सायबेरियात नेऊन टाकला. नव्वद हजारांहून अधिक माणसे. लाल सैन्यात लढत असलेल्या काल्मिक सैनिकांनाही आघाडीवरून काढून तिकडेच पाठवले. त्यात किती लेकरे, किती म्हातारी माणसे गारठून आणि उपासमारीने मेली! अपराध काय? तर जन्म. जन्मावरून सगळ्या समाजाला गुन्हेगार ठरवणे म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. १९५६ साली त्यांच्यावरचे ते निर्बंध उठले आणि १९५७पासून लोक आपल्या माळावर परत येऊ लागले. १९५६ म्हटले की आपल्याला नागपूरची दीक्षाभूमी आठवते. त्याच साली हजारो मैलांवर एक बौद्ध समाज वनवासातून सुटत होता, हे आमच्या तरी पूर्वी ध्यानात आले नव्हते.

अशा समाजात सोव्हिएत युनियन कोसळल्यावर एक तरणाबांड, श्रीमंत माणूस उभा राहतो. वय वर्षे एकतीस. मॉस्कोच्या नामांकित आंतरराष्ट्रीय संबंध संस्थेत शिकलेला, धंद्यात पैसा केलेला. एप्रिल १९९३च्या निवडणुकीत त्याच्यासमोर अफगाण युद्धात नाव कमावलेला एक जनरल होता, तरी लोकांनी या तरुणालाच भरघोस मते दिली. प्रचार काय होता? मी आधीच श्रीमंत आहे, म्हणून मी खाणार नाही. काल्मिकियाचे दुसरे कुवेत करून दाखवतो. प्रत्येकाला शंभर डॉलर, प्रत्येक मेंढपाळाच्या हातात मोबाईल फोन. १९९३ साली, जिथे प्यायच्या पाण्याची बोंब होती तिथे, मोबाईल!

‘श्रीमंत माणूस खात नाही’ हा युक्तिवाद आपल्याकडेही चावडीवर ऐकू येतो. कोर्टात कोणी असा युक्तिवाद केला तर न्यायाधीश हसतील. ज्याने आधी मिळवले त्याने ते कसे मिळवले, हा प्रश्न या वाक्यात बेमालूम गिळला जातो. पण पिढ्यान्पिढ्या दबलेल्या समाजाला या वाक्यात भुरळ घालणारे दुसरेच काही असते. आपल्यातलाही कोणी इतका मोठा होऊ शकतो, मोठ्या मोटारीतून फिरू शकतो, जगातल्या राजांशी हस्तांदोलन करू शकतो, यातला आनंद असतो. तो आनंद खोटा नाही. आम्ही त्याची टिंगल करणार नाही. पण त्या आनंदाची किंमत पुढे कोणी आणि कशी वसूल केली, ते पाहणे आवश्यक आहे.

निवडून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा जुने प्रांतिक विधिमंडळ मोडीत काढले आणि त्या जागी छोटेसे, आटोपशीर मंडळ आणले. पुढच्या वर्षी तर कमाल केली. काल्मिकियाला वेगळ्या संविधानाची गरजच नाही, रशियाचे एक संविधान पुरे आहे, असे सांगून प्रांताचे संविधानच रद्द केले. १९९३च्या ऑक्टोबरात येल्त्सिन आणि रशियन संसद यांच्या झगड्यात हे गृहस्थ मध्यस्थी करत होते. त्यात येल्त्सिनने संसदेवर रणगाडे चालवून बाजी मारल्यावर मॉस्कोला खूश करण्यासाठी हा नजराणा दिला गेला, असे जाणकार मानतात. संविधानाच्या जागी आली ‘स्टेप संहिता’, म्हणजे माळरानाची संहिता. १६४० साली ओइरात सरदारांनी केलेल्या जुन्या कायद्याची आठवण जागवणारे हे नाव. तारीख होती ५ एप्रिल १९९४. आणि ५ एप्रिल हा कुणाचा वाढदिवस? खुद्द इल्युम्झिनोव यांचा.

‘संविधान जाऊन पूर्वजांची संहिता आली’ असे वाक्य वाचले की आमचे कान टवकारतात. भारताचे संविधान स्वीकारून चार दिवस झाले नाहीत तोच, ३० नोव्हेंबर १९४९च्या अंकात, संघाच्या ‘ऑर्गनायझर’ने या संविधानात मनूच्या कायद्याचा मागमूस नाही म्हणून गळा काढला होता. माळरानाच्या संहितेत चातुर्वर्ण्य नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो मजकूर वाचायला सौम्यच आहे, त्यात बरीच गोड भाषा आहे. पण कायद्याचा माणूस मजकुरासोबत हेही पाहतो की तो कुणाच्या हातून आला, कुणाला विचारून आला आणि त्याने कुणाचे हात बांधले. संविधान सत्ताधाऱ्याचे हात बांधण्यासाठी असते. सत्ताधारी स्वतःच्या वाढदिवशी प्रजेला भेट म्हणून जे देतो, ते उद्या परतही घेऊ शकतो.

याचा अनुभव लगेच आला. मुदत संपण्याच्या आतच १९९५ साली पुन्हा निवडणूक घेण्यात आली, सात वर्षांसाठी. समोर उमेदवार किती? एकही नाही. मतपत्रिकेवर एकच नाव. याला निवडणूक म्हणायचे असेल तर आपल्या गावगाड्यात पाटलाच्या वाड्यावर व्हायची ती ‘बिनविरोध’ निवडही लोकशाहीच म्हणावी लागेल. २००२ साली मात्र त्यांना दुसऱ्या फेरीपर्यंत झगडावे लागले, याचा अर्थ लोक अगदीच झोपलेले नव्हते. २००४च्या सप्टेंबरात राजधानी एलिस्तामध्ये त्यांच्या राजीनाम्याच्या मागणीसाठी लोक चौकात जमले, तेव्हा दंगलविरोधी पोलीस घालून ती सभा मोडून काढली. त्यानंतर पुतिन यांनी प्रांतप्रमुखांच्या थेट निवडणुकाच बंद केल्या आणि २००५ साली त्यांना वरून पुन्हा नेमले. ज्याने आपल्या प्रांताचे संविधान मॉस्कोच्या पायाशी ठेवले, त्याची खुर्ची शेवटी मॉस्कोच्या मर्जीवर आली. २०१० साली ती मर्जी संपली आणि खुर्चीही गेली.

आता लारिसा युदिना. खरे तर या लेखाचे कारण ही बाई आहे.

‘सोव्हेत्स्काया काल्मिकिया सेवोद्न्या’ नावाचे एक छोटे वर्तमानपत्र त्या चालवत. त्या प्रांतातला विरोधी आवाज म्हणजे हे एवढे एकच पत्र. काल्मिकियात छापायची सोय राहिली नाही, तेव्हा त्या ते शेजारच्या व्होल्गोग्रादहून छापून आणत आणि हातोहात वाटत. वाचकहो, आपल्याला हे चित्र ओळखीचे वाटत नाही का? ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरून काढावे लागत. हातात वर्तमानपत्र नसलेली चळवळ पंख तुटलेल्या पक्ष्यासारखी असते, हे आपण भाषणांतून सांगतो. त्या बाई ते जगत होत्या. त्या काय छापत? काल्मिकियात बाहेरच्या कंपन्यांना करसवलत देणारी नोंदणीची सोय सुरू झाली होती. त्या कंपन्यांकडून येणारा पैसा सरकारी तिजोरीत न जाता कुठे जातो, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याच काळात एलिस्ताच्या कडेला ‘बुद्धिबळ नगरी’ उभी राहत होती, जागतिक बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी. १९९८ सालचा रशिया म्हणजे पगार आणि पेन्शन थकलेला रशिया. त्या ऑगस्टात रूबलच कोसळला. आणि रशियातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एकात पाहुण्यांसाठी टुमदार बंगले बांधले जात होते.

जून १९९८मध्ये त्यांना एका माणसाचा फोन आला. गैरव्यवहाराची कागदपत्रे देतो, बाहेर या. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह शहराबाहेरच्या एका तळ्यात सापडला, चाकूचे वार झालेला. खटला चालला, १९९९ साली शिक्षा झाल्या. शिक्षा झालेल्यांत राष्ट्राध्यक्षांचा माजी सहाय्यक होता. आम्ही वकील आहोत म्हणून पुढचे वाक्यही लिहितो. स्वतः इल्युम्झिनोव यांचा या खुनाशी संबंध कुठल्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही आणि त्यांनी तो कायम नाकारला. ते त्यांचे आहे. पण ज्या राज्यात एकाच वर्तमानपत्राला परप्रांतात छापावे लागते, ज्या राज्यात विरोधी उमेदवार उभाच राहत नाही, तिथे सत्तेभोवतीच्या माणसांना अशी हिंमत कुठून येते, या प्रश्नाचे उत्तर फक्त फौजदारी खटल्यात सापडत नाही. खुनानंतर काही महिन्यांतच बुद्धिबळ नगरीत जगभरचे खेळाडू उतरले. पट मांडले गेले. डाव रंगले.

आणि आता या गृहस्थांच्या कीर्तीकडे या. जगातल्या बड्या वर्तमानपत्रांत तुम्हाला किर्सान इल्युम्झिनोव कसे भेटतात? ‘परग्रहवासीयांनी पळवून नेलेला राष्ट्राध्यक्ष’ म्हणून! सप्टेंबर १९९७मध्ये मॉस्कोतल्या आपल्या घराच्या बाल्कनीतून पिवळ्या पोशाखातल्या परग्रहवासीयांनी आपल्याला यानात नेले, असे ते सांगत आले. २०१०मध्ये तर रशियाच्या दूरचित्रवाणीवर गंभीर चेहऱ्याने सांगितले. त्यावर एका खासदाराने राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांना पत्र लिहून विचारले, की या गृहस्थांनी परग्रहवासीयांना सरकारी गुपिते तर सांगितली नाहीत ना? सगळे जग हसले. बुद्धिबळ हा खेळही अंतराळातून आला, असेही त्यांचे म्हणणे. २०११च्या जूनमध्ये बॉम्बवर्षाव चालू असताना त्रिपोलीत जाऊन त्यांनी गद्दाफीबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडला, तोही कॅमेऱ्यासमोर. सद्दामशीही दोस्ती होती. आत्मचरित्राचे नाव ‘राष्ट्राध्यक्षाचा काटेरी मुकुट’. बौद्ध माणसाने उपमा घेतली येशूच्या मुकुटाची; काटे मात्र दुसऱ्यांना टोचले.

या गमतीजमती ऐकून आम्हीही हसलो. मग लक्षात आले की हे हसणेच त्यांच्या कामाचे आहे. वेडसर, विक्षिप्त, मजेदार अशी ख्याती झाली की हिशेब कोणी मागत नाही. परग्रहवासीयांवर शंभर बातम्या आणि लारिसा युदिना यांच्यावर एक. हुकूमशहा म्हटला की लष्करी गणवेश, मिशा आणि गर्जना असे चित्र आपल्या डोक्यात असते. पण तो हसरा असू शकतो, मुलांना शाळेत बुद्धिबळ शिकवणारा असू शकतो, हातात जपमाळ घेतलेला असू शकतो. आणि तो ‘आपला’ही असू शकतो.

आता त्या फोटोतल्या विहाराकडे. २७ डिसेंबर २००५ रोजी त्याचे उद्घाटन झाले, म्हणजे देशोधडीच्या त्या काळ्या दिवसाच्या आदल्या दिवशी. ‘भगवान शाक्यमुनींचे सुवर्णधाम’ असे त्याचे नाव. परमपावन दलाई लामांनी आदल्या वर्षी येऊन ती जागा पवित्र केली होती. इल्युम्झिनोव यांनी त्यासाठी पैसा आणि ताकद लावली, यात शंका नाही. त्यांच्या काळात गावोगावी उद्ध्वस्त झालेले विहार पुन्हा उभे राहिले, हेही खरे आहे. सायबेरियातून परत आलेल्या एखाद्या काल्मिक आजीने त्या मूर्तीसमोर डोके टेकले असेल, तेव्हा तिच्या डोळ्यांतले पाणी खरेच असणार. त्या आजीविरुद्ध आमचा एक शब्द नाही. आमचा प्रश्न दान देणाऱ्याच्या हिशेबाचा आहे. जो सार्वजनिक पैशाचा हिशेब देत नाही, त्याने बांधलेल्या विहाराला कोणाचे दान म्हणायचे? त्याचे, की ज्यांची पेन्शन थकली होती त्यांचे?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात भक्तीबद्दल जो इशारा दिला तो आपण दरवर्षी संविधान दिनाला वाचतो. धर्मात भक्ती ही आत्म्याच्या मुक्तीची वाट असू शकेल, पण राजकारणात ती अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे, असा त्याचा आशय. आपण तो वाचतो तेव्हा नेहमी दुसऱ्यांच्या भक्तांकडे बोट दाखवतो. पण बाबासाहेबांनी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये १८ जानेवारी १९४३ रोजी रानड्यांवर बोलताना व्यक्तिपूजेचा जो समाचार घेतला, त्यात त्यांनी कोणालाच सूट दिली नव्हती. स्वतः तथागतांनी काय केले? आपल्यामागे संघाचा प्रमुख कोण, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. धम्मच तुमचा शास्ता, एवढेच सांगितले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये यावर मुद्दाम भर दिला आहे, कारण जो धम्म एखाद्या माणसाच्या आधाराने जगतो तो त्या माणसाबरोबर मरतो. आणि संसदीय रीत आपल्याला परकी नाही, ती भिक्खूसंघात होती, हेही त्यांनी त्याच नोव्हेंबरच्या भाषणात सांगितले. मतदानाची शलाका, ठरावाची पद्धत, गणपूर्ती, सगळे होते. मग एकाच नावाची मतपत्रिका छापणारा सत्ताधारी बौद्ध कुठल्या अर्थाने?

काल्मिकियातच याचे उत्तर देणारा एक बौद्ध आहे. तेलो तुल्कु रिन्पोछे. अमेरिकेत काल्मिक घरात जन्मले, आपल्या शेजारच्या कर्नाटकात मुंडगोडच्या द्रेपुंग गोमांग मठात शिकले आणि १९९२पासून काल्मिकियाचे प्रमुख लामा होते. २०२२ साली पुतिन यांनी युक्रेनवर युद्ध लादले, तेव्हा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात हे युद्ध चूक असल्याचे जाहीर सांगितले. जानेवारी २०२३मध्ये रशियन सरकारने त्यांना ‘परदेशी हस्तक’ ठरवले. त्यांनी पद सोडले. ज्या सुवर्णधामाचा फोटो आमच्या फळ्यावर होता, त्यातल्या गादीवरून हा माणूस खाली उतरला. त्यांच्या हातात पैसा नव्हता, पोलीस नव्हते, परग्रहवासीयही नव्हते. तरुण कार्यकर्त्याला आम्ही हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “साहेब, मग फोटो काढू का?”

आम्ही म्हटले, काढू नको. विहार लोकांचे आहे, राष्ट्राध्यक्षाचे नाही. खालची ओळ तेवढी खोड. आता तिथे दोन नावे लिहिली आहेत. एक तेलो तुल्कु रिन्पोछे आणि दुसरे लारिसा युदिना, संपादक, मृत्यू जून १९९८. परवा एका आजीने आम्हाला थांबवून विचारले, “वकीलसाहेब, ही बाई बौद्ध होती का?” आम्ही म्हटले, ठाऊक नाही, आजी. त्यावर त्या म्हणाल्या, “असू दे. नाव मोठं लिव्हा, दिसत न्हाई.”

कोनशिलेचा विषय मात्र लोंबकळतो आहे. स्लॅबचे पैसे घरटी वर्गणीतून उभे करायचे म्हटले तर दोन वर्षे लागतील, तोवर पावसाळ्यात जिन्यावर पाणी गळणार. समितीची सभा येत्या पौर्णिमेला आहे. आम्ही विरोधात मत देणार आहोत आणि बहुधा हरणार आहोत.